अ‍ॅन्सिबल म्हणतं ‘एकही सर्व्हर नाही’, आणि बिल तर दर महिन्याला येतंय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कंपनीचे चाळीसेक डेटाबेस आहेत. बहुतेक एडब्ल्यूएस या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये आरडीएस या त्यांच्या डेटाबेस सेवेवर, थोडे मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडच्या सेंट्रल इंडियात, म्हणजे आपल्या पुण्यातच. दर तिमाहीला ऑडिटवाले यादी मागतात: नाव, इंजिन, व्हर्जन, एंडपॉइंट (जोडणीचा पत्ता), बॅकअप, एन्क्रिप्शन. आजवर कुणीतरी कन्सोल उघडून एक्सेलमध्ये हाताने भरत होतं, आता ते कामं आपोआप करून देणाऱ्या अ‍ॅन्सिबलने करायचं ठरलंय. प्लेबुक, म्हणजे कामांची यादी असलेली फाइल, लिहिलं, चालवलं, लाल अक्षर एकही नाही, शेवटी सगळं ‘ओके’. पण अझ्युअरची यादी रिकामी. सर्व्हर मात्र कन्सोलमध्ये डोळ्यांसमोर दिसतायत. तर चुकतंय कुठे?

आधी थेट उत्तर देतो. तुम्ही वापरलेलं मॉड्यूल (एकेक काम करणारा तयार तुकडा) अझ्युअरच्या जुन्या ‘सिंगल सर्व्हर’साठीचं आहे आणि तुमचे सर्व्हर ‘फ्लेक्झिबल सर्व्हर’ आहेत. एवढ्या खात्रीने म्हणतो, कारण मायक्रोसॉफ्टने सिंगल सर्व्हर हा प्रकारच निवृत्त केलाय: मायएसक्यूएलचा १६ सप्टेंबर २०२४ ला, पोस्टग्रेसचा २८ मार्च २०२५ ला. मारियाडीबीची तर अख्खी सेवाच १९ सप्टेंबर २०२५ ला संपली. नेटवर सापडणारी उदाहरणं मात्र अजून त्याच काळातली. त्यांत ‘अझ्युअर_आरएम_पोस्टग्रेसक्यूएलसर्व्हर_इन्फो’ असं मॉड्यूल असतं. तुम्हाला हवं ते ‘अझ्युअर_आरएम_पोस्टग्रेसक्यूएलफ्लेक्झिबलसर्व्हर_इन्फो’. मधे ‘फ्लेक्झिबल’ हा एक शब्द वाढला, एवढाच फरक. मायएसक्यूएलसाठी फ्लेक्झिबलचं मॉड्यूल कुठलं ते कागदपत्रांत पाहून घ्या. नाव बदला, पुन्हा चालवा, यादी येईल.

इथे थांबलो असतो तरी तुमचं काम झालं असतं. पण तुमच्या प्रश्नातलं ‘लाल अक्षर एकही नाही’ हे वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चुकीचं मॉड्यूल, चुकीचं रीजन, चुकीची सबस्क्रिप्शन (अझ्युअरचं खातं) यांपैकी काहीही असलं तरी ही माहिती आणणारी ‘इन्फो’ मॉड्यूल बहुतेक वेळा ओरडत नाहीत. ती विचारतात, समोरून ‘असं काही सापडलं नाही’ येतं, आणि ती शांतपणे रिकामी यादी तुमच्या हातात ठेवतात. आरडीएसच्या मॉड्यूलला अस्तित्वात नसलेल्या इन्स्टन्सचं नाव देऊन बघा. तिथेही एरर येत नाही, ‘इन्स्टन्सेस’ नावाची शून्य लांबीची यादी येते. लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलंय, कारण ‘हा सर्व्हर आहे का?’ असं विचारण्यासाठीही लोक हीच मॉड्यूल वापरतात आणि तिथे ‘नाही’ हे वैध उत्तर आहे. ऑडिटच्या यादीत मात्र हेच वैध उत्तर गळ्याशी येतं.

माझ्या गळ्याशी आलेलं सांगतो. एका क्लायंटकडे (नाव नको) सिंगलवरून फ्लेक्झिबलवर सर्व्हर हलवण्याची धावपळ चालू होती. एका शनिवार-रविवारी त्यांच्या टीमने दोन पोस्टग्रेस हलवले. माझं प्लेबुक सोमवारी ठरल्या वेळी चाललं आणि त्यांच्या रिसोर्स ग्रुपच्या (अझ्युअरमधल्या सर्व्हरच्या गटाच्या) सातच्या जागी पाच ओळी आल्या. रिपोर्ट हिरवा. मेल सगळ्यांना गेला, मलाही आला, मी उघडलाही. पाच आहेत की सात, कोण मोजतंय? आणि बॅकअपमधून डेटा परत उभा राहतो की नाही हे तपासणारा आमचा साप्ताहिक जॉब याच यादीवर चालायचा. त्यामुळे ते दोन सर्व्हर दीड महिना त्या तपासणीतून गायब होते. एका डेव्हलपरने ‘व्हेअर’ची अट न लावता डिलीट मारलं आणि रिस्टोअर मागितला, तेव्हा ते उघडकीला आलं. अझ्युअर आपोआप घेतं त्या बॅकअपची मुदत डिफॉल्टने ७ दिवसांची असते, त्यामुळे डेटा वाचला. पण दीड महिना आम्ही नुसते नशिबावर होतो. चूक पूर्णपणे माझी, कारण यादी किती लांबीची असायला हवी हे मी प्लेबुकला कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझ्या प्लेबुकमध्ये आता माहिती आणणाऱ्या टास्कच्या लगेच खाली ‘असर्ट’ असतो. अमुक ग्रुपमध्ये कमीत कमी इतके सर्व्हर यायलाच हवेत, नाही आले तर इथेच थांब. आकडा व्हेरिएबलच्या फाइलमध्ये, आणि तो बदलायचा तर कुणीतरी जाणूनबुजून बदलायचा. शिवाय मागच्या तिमाहीची नावं एका फाइलमध्ये ठेवतो आणि ‘डिफरन्स’ फिल्टरने जुन्या नावांतून नवी वजा करतो. खाली जे उरतं ते गायब झालेले सर्व्हर. वजाबाकी उलटी केली की नव्याने उगवलेले दिसतात. ऑडिटवाल्यांना मूळ यादीपेक्षा हा दोन ओळींचा फरकच जास्त आवडतो, असा माझा अनुभव.

आता प्लेबुक. ओळी बोलून सांगतो, तुम्ही एडिटरमध्ये टाइप करा; चिकटवलेल्या यॅमलमध्ये (प्लेबुक याच रूपात लिहितात) स्पेस हलतात आणि मग तासभर जातो.

होस्ट्स लोकलहोस्ट, कनेक्शन लोकल, गॅदर फॅक्ट्स नो. डेटाबेस सर्व्हरवर एसएसएच करून, म्हणजे लांबून लॉगिन करून, जायचंच नाहीये. क्लाउडच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामना उत्तर देणाऱ्या खिडकीला, विचारायचंय, आणि ते तुमच्या मशीनवरूनच होतं. नवीन मुलं इथे हमखास आरडीएसचा एंडपॉइंट इन्व्हेंटरीत, म्हणजे मशीनच्या यादीत, घालतात आणि ‘अनरीचेबल’ आलं की सिक्युरिटी ग्रुप उघडत बसतात. कृपया नको.

पहिला टास्क: ‘अ‍ॅमेझॉन डॉट एडब्ल्यूएस’ कलेक्शनमधलं ‘आरडीएस_इन्स्टन्स_इन्फो’. रीजन ‘एपी-साउथ-१’. त्याखाली ‘रजिस्टर’ आणि व्हेरिएबलचं नाव, समजा ‘आरडीएस_यादी’. रजिस्टर विसरलात तर टास्क चालतो, माहिती येते आणि हवेत विरते. जुन्या उदाहरणांत रजिस्टर दिसत नाही, त्यालाही कारण आहे. पूर्वी या मॉड्यूलच्या नावाच्या शेवटी ‘फॅक्ट्स’ असायचं आणि त्यांतली बरीचशी आपली माहिती थेट होस्टच्या फॅक्ट्समध्ये, म्हणजे त्या मशीनच्या स्वतःच्या माहितीत, मिसळायची. २०१९ च्या अ‍ॅन्सिबल २.९ पासून अशा मॉड्यूलना ‘इन्फो’ म्हणायला लागले आणि उत्तर रजिस्टर करून घेणं तुमच्यावर आलं. मला हे बरोबरच वाटतं. चाळीस डेटाबेसची माहिती ही लोकलहोस्टची फॅक्ट कशी होईल?

एका रीजनसाठी एवढं पुरतं. दोन रीजन असतील तर लूप लावाल, आणि इथे एक गाठ बसते. लूपसोबत रजिस्टर केलं की व्हेरिएबलमध्ये थेट ‘इन्स्टन्सेस’ नसतं. आधी ‘रिझल्ट्स’ नावाची यादी, तिच्यातल्या प्रत्येक फेरीच्या आत ‘इन्स्टन्सेस’. तेव्हा रिझल्ट्सवर ‘मॅप’ने इन्स्टन्सेस उचला आणि ‘फ्लॅटन’ने सपाट करा. आणि लूपमध्ये हैदराबाद, म्हणजे ‘एपी-साउथ-२’, घालणार असाल तर आधी अकाउंटमध्ये ते रीजन चालू केलंय का ते पाहा. ते मुद्दाम सुरू करावं लागणाऱ्या रीजनपैकी आहे. सुरू नसेल तर एरर येते, पण ती सांगते की तुमचं टोकन अवैध आहे. त्याच ‘की’ (लॉगिनच्या किल्ल्या) मुंबईत व्यवस्थित चालत असतात आणि माणूस त्या बदलत बसतो.

‘एपीआयलाच सांगतो की फक्त प्रॉडक्शन टॅगचे दे’ असं कुणाच्याही मनात येईल. जमत नाही. मॉड्यूलमध्ये ‘फिल्टर्स’ आहे, पण ते आरडीएसच्या एपीआयचंच आहे, आणि त्या एपीआयला इंजिन, इन्स्टन्सचा किंवा क्लस्टरचा आयडी, डोमेन अशा मोजक्याच गोष्टींवर गाळता येतं. टॅगवर नाही, स्टेटसवर नाही. म्हणून सगळं मागवा आणि आपल्याकडे ‘सिलेक्टअ‍ॅट्र’ व ‘रिजेक्टअ‍ॅट्र’ने गाळा. एन्क्रिप्शन नसलेले हवेत? ‘स्टोरेज_एन्क्रिप्टेड’वर रिजेक्ट. इंटरनेटवरून पत्ता लागणारे हवेत? ‘पब्लिकली_अ‍ॅक्सेसिबल’वर सिलेक्ट. ‘जेसन_क्वेरी’नेही होतं, पण त्यासाठी वेगळं कलेक्शन आणि जेएमईएसपाथ नावाची पायथन लायब्ररी लागते, साध्या यादीसाठी मी ते ओझं घेत नाही.

यादी आल्यावर त्यात ‘डॉकडीबी’ किंवा ‘नेपच्यून’ इंजिनचे अनोळखी सर्व्हर दिसले तर दचकू नका. आरडीएसचा हाच एपीआय डॉक्युमेंटडीबी आणि नेपच्यूनचे इन्स्टन्सही परत देतो. आणि ऑरोरा (एडब्ल्यूएसचा अनेक इन्स्टन्सच्या क्लस्टरवर चालणारा डेटाबेस) असेल तर प्रत्येक इन्स्टन्सचा स्वतःचा एंडपॉइंट दिसेल, तो अ‍ॅप्लिकेशनवाल्यांना देऊ नका. फेलओव्हर झाला, म्हणजे एक पडून दुसऱ्याने जागा घेतली, की कालचा रायटर आज रीडर असतो. ‘डीबी_क्लस्टर_आयडेंटिफायर’ भरलेलं दिसलं की समजायचं, इथे क्लस्टरचा एंडपॉइंट द्यायचा.

आता कुठली माहिती खरंच पाहायची. मॉड्यूल एका इन्स्टन्समागे पानभर माहिती ओतून देतं. ऑडिटवाल्यांचा फॉर्म त्यातले सहा कॉलम मागतो, ते भरा. स्वतःसाठी मात्र मी वेगळ्या गोष्टी बघतो.

‘बॅकअप_रिटेन्शन_पीरियड’ शून्य असेल तर आपोआप होणारा बॅकअप बंद आहे. ‘बॅकअप आहे का?’ या कॉलममध्ये लोक ‘हो’ लिहून मोकळे होतात. तुम्ही आकडाच लिहा. जास्तीत जास्त ३५ दिवस. त्याच्या शेजारी ‘लेटेस्ट_रिस्टोरेबल_टाइम’ पाहा. चालू इन्स्टन्समध्ये ही वेळ साधारण पाच मिनिटांपूर्वीची असते. ती काल रात्रीची दिसली तर यादी बाजूला ठेवा आणि आधी तो सर्व्हर बघा.

‘पेंडिंग_मॉडिफाइड_व्हॅल्यूज’ बहुतेकदा रिकामं असतं. भरलेलं असेल तर कुणीतरी बदल करून ठेवलाय आणि ‘लगेच लागू करा’ निवडलेलं नाही. तो मेंटेनन्स विंडोत, म्हणजे देखभालीच्या ठरलेल्या वेळेत, लागू होणार. आणि मेंटेनन्स विंडो असते यूटीसी या जागतिक वेळेत. यादीत ‘रविवार ०४:०० ते ०४:३०’ दिसलं की आपण समजतो पहाट आहे, सगळे झोपलेत. प्रत्यक्षात आपल्याकडे साडेनऊ वाजलेले असतात आणि रविवारी ज्यांचा धंदा जोरात त्यांची दुकानं उघडत असतात. उलट रविवारचे यूटीसी साडेआठ, म्हणजे २०:३०, ही आपली सोमवारची रात्रीची दोनची वेळ. वारच बदलतो. मी रिपोर्टमध्ये आयएसटीचा, म्हणजे भारतीय वेळेचा, वेगळा कॉलम टाकतो, कारण साडेपाच तास मनात मिळवायला सांगितलं की माणसं हमखास चुकतात.

‘सीए_सर्टिफिकेट_आयडेंटिफायर’. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटचं हे नाव. इथे २०१९ चं नाव दिसत असेल तर ते सर्टिफिकेट २२ ऑगस्ट २०२४ ला संपलंय, आणि ते तपासून जोडणारे क्लायंट जोडले जाणार नाहीत. एखादं अ‍ॅप तरीही चालतंय, याचा अर्थ ते सर्टिफिकेट तपासतच नाही. ही वेगळी डोकेदुखी आणि वेगळी ओळ.

‘डीबी_इन्स्टन्स_स्टेटस’ची एक गंमत. पैसे वाचवायला बंद करून ठेवलेला आरडीएस ७ दिवसांनी आपोआप सुरू होतो. तिमाहीच्या यादीत ‘स्टॉप्ड’ लिहून पाठवलेला डेटाबेस पुढच्या आठवड्यात ‘अव्हेलेबल’ असू शकतो आणि बिलही सुरू. यादीवर ती कधी काढली ती वेळ छापा, नाहीतर हा वाद होतोच. तसंच ‘क्रिएटिंग’ अवस्थेतल्या इन्स्टन्सला अजून एंडपॉइंटच नसतो. तुमचं टेम्प्लेट ‘एंडपॉइंट डॉट अ‍ॅड्रेस’ मागतं आणि बाकी एकोणचाळीस नीट असताना त्या एकापायी सगळा रिपोर्ट कोसळतो. तिथे ‘डिफॉल्ट’ फिल्टर लावून ठेवा.

आणि व्हर्जन. इथे पैसे अडकलेत, म्हणून जरा थांबतो. आरडीएसवर मायएसक्यूएल ५.७ चा नेहमीचा सपोर्ट २९ फेब्रुवारी २०२४ ला संपला. त्यानंतर ५.७ वर राहिलात तर एक्स्टेंडेड सपोर्टचे पैसे प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूच्या तासामागे लागतात. मॅनेजरला ‘व्हर्जन जुनं आहे’ सांगून काही हलत नाही, ‘या जुन्या व्हर्जनचे इतके रुपये’ असा कॉलम दिला की मीटिंग लागते. फक्त तुलना नीट करा. अक्षरं म्हणून तुलना केली तर १३.१० हे १३.९ पेक्षा लहान ठरतं. अ‍ॅन्सिबलमध्ये ‘व्हर्जन’ नावाची टेस्ट यासाठीच आहे, तीच वापरा. यॅमलमध्ये १३.१० लिहिताना अवतरणचिन्हं घाला, नाहीतर तो दशांश अपूर्णांक धरून १३.१ होतो. एवढं सगळं सांभाळून सीएसव्ही काढलीत आणि ऑडिटवाल्याने ती डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, की एक्सेल तिथेही १३.१० चं १३.१ करून दाखवतं. आमच्याकडे एकदा यावरून चक्क ‘पॅच झालेला नाही’ असा शेरा आला होता. पोस्टग्रेसचं ते १३.१० होतं, पॅच झालेलं, आणि शेरा एक्सेलच्या कृपेने. आता मी त्या कॉलममध्ये नुसता आकडा देत नाही, ‘पोस्टग्रेस १३.१०’ असं देतो. एक्सेलला मग ते अक्षरच वाटतं.

अझ्युअरकडे परत येऊ. तिथे मी आधी सगळे रिसोर्स ग्रुप मागवतो, ‘अझ्युअर_आरएम_रिसोर्सग्रुप_इन्फो’ने, आणि मग प्रत्येक ग्रुपवर लूप लावून फ्लेक्झिबलचं मॉड्यूल चालवतो. सर्व्हरचं नाव दिलं नाही की ग्रुपमधले सगळे मिळतात, ‘सर्व्हर्स’ या नावाखाली. ग्रुपची नावं हाताने लिहून ठेवू नका. नवा ग्रुप बनवणारा माणूस तुमच्या प्लेबुकला कळवायला येणार नाही. शिवाय तुमच्या जुन्या एक्सेलमध्ये युजरचा कॉलम असेल तर तो तपासा. सिंगल सर्व्हरवर ‘युजर अ‍ॅट सर्व्हरचं नाव’ अशा रूपात लॉगिन व्हायचं, फ्लेक्झिबलवर नुसता युजर. जुनं रूप कॉपी होत राहिलं की लॉगिन फेल होतं आणि पासवर्ड चुकलाय असं वाटतं.

परवानग्या मोजक्याच ठेवा. एडब्ल्यूएसला इन्स्टन्सचं वर्णन वाचण्याची आणि टॅग वाचण्याची, अशा दोन पुरतात. अझ्युअरच्या सर्व्हिस प्रिन्सिपलला (प्रोग्रामसाठीच्या खात्याला) ‘रीडर’ रोल. बऱ्याच ठिकाणी हे प्लेबुक अ‍ॅडमिनच्या कीने चालवलेलं पाहिलंय, ‘नुसतं वाचतंच ना’ म्हणून. प्लेबुक वाचतं, ती ‘की’ मात्र सगळं करू शकते. माहितीत पासवर्ड येत नाही, पण अ‍ॅडमिन युजरचं नाव आणि एंडपॉइंट येतात; तेव्हा ‘डिबग’ने पूर्ण व्हेरिएबल छापणारी ओळ काम झाल्यावर काढा. सीआयचे (प्लेबुक आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचे) लॉग कोण कोण वाचतं याची यादी सहसा कुणाकडे नसते.

मॉड्यूलचं नाव बदलल्यावर कदाचित वेगळीच अडचण येईल: अझ्युअरची पायथन लायब्ररी सापडत नाही म्हणेल, तुम्ही ती पिपने टाकलेली असूनसुद्धा. बहुधा तुमच्या इन्व्हेंटरी फाइलमध्ये लोकलहोस्ट स्वतंत्र लिहिलेला असेल. तसा तो लिहिला की अ‍ॅन्सिबल त्याच्यासाठी सिस्टिमचं पायथन शोधून वापरतं आणि तुम्ही लायब्ररी टाकलीत व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पायथनच्या वेगळ्या कप्प्यात. ती ओळ काढून टाका, म्हणजे प्लेबुक ज्या पायथनवर चालतंय तेच मॉड्यूललाही मिळेल. किंवा ‘अ‍ॅन्सिबल_पायथन_इंटरप्रिटर’ला ‘अ‍ॅन्सिबल_प्लेबुक_पायथन’ द्या.

हे सगळं करूनही अझ्युअरची यादी रिकामीच आली, तर जास्त तपशील छापायला तीन ‘व्ही’ लावून चालवा आणि एन्व्हायर्नमेंटमधला सबस्क्रिप्शन आयडी कन्सोलमधल्या आयडीशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. डेव्ह आणि प्रॉडक्शनच्या सबस्क्रिप्शन वेगळ्या असतात आणि शेलमध्ये काल कुठली सेट केली होती ते आज आठवत नाही. तसं निघालं तर मॉड्यूलचा दोष नाही. तुम्ही विचारलेल्या जागी खरंच एकही सर्व्हर नव्हता.